पिस्तूल केव्हा होते?

जे हत्यार आपल्याकडे विनापरवाना घरात नुसते सापडले तरी गृहस्थाची रवानगी थेट कोठडीत व्हावी, तेच हत्यार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एखादा निवृत्त शिक्षक किंवा यंत्रशाळेतला फिटर घरामागच्या खोलीत, रविवारच्या फावल्या वेळात, कानस आणि पॉलिशकागद घेऊन स्वतःच्या हातांनी जुळवीत बसतो, आणि असे करताना तो बहुतेक राज्यांत कोणत्याही कलमाचा भंग करीत नाही, ही गोष्ट मराठी वाचकाला प्रथमदर्शनी विलक्षण वाटणे स्वाभाविक आहे. या छंदाच्या इष्टानिष्टतेविषयी त्या देशातच इतके कडाक्याचे मतभेद आहेत की आपण दुरून त्यांत भर घालण्याचे प्रयोजन नाही. मला त्यात गोडी वाटली ती निराळ्या कारणाने. हा छंद कायद्यापुढे एक प्रश्न उभा करतो. तो वरवर पाहता पोरकट वाटतो, पण त्याच्या मागे लागले की माणूस नकळत दर्शनशास्त्राच्या प्रांतात जाऊन पोचतो. लोखंडाचे सुटे तुकडे पिस्तूल केव्हा होतात?

पिस्तुलाचे भाग मोजायला गेले तर पन्नासाच्या आसपास भरतात. नळी, नळीवर पांघरूण घालून मागेपुढे सरकणारी स्लाइड, घोडा, चाप, काडतुसे ठेवण्याचे मॅगझिन, बारीकसारीक खिळ्या आणि स्प्रिंगा, आणि या सर्वांना आपल्या अंगावर धारण करणारी, मुठीसकटची चौकट, जिला तिकडे फ्रेम म्हणतात. अमेरिकेच्या संघीय कायद्याने या सगळ्या भाऊबंदांतून शस्त्रपदाचा अभिषेक केला तो एकट्या फ्रेमला. परिणाम असा की जिच्यातून गोळी प्रत्यक्ष बाहेर पडते ती नळी पुस्तकाच्या पार्सलासारखी टपालाने घरी येते, पण जी फ्रेम आपण होऊन एक गोळीही झाडू शकत नाही, ती विकत घेण्यासाठी मात्र परवानाधारक दुकानदारापुढे उभे राहून ४४७३ क्रमांकाचा नमुना भरून द्यावा लागतो. आपण शिक्षा झालेले गुन्हेगार नाही, न्यायालयाने आपल्याला मनोरुग्ण ठरविलेले नाही, घरातील हिंसेच्या प्रकरणी आपल्याविरुद्ध मनाईहुकूम नाही, अशा प्रश्नांची उत्तरे त्यावर सहीनिशी द्यायची, दुकानदाराने ती १९९८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय पडताळणीच्या यंत्रणेकडे पाठवायची, आणि तिकडून हिरवा कंदील मिळाला की मालाची सुपूर्दगी व्हायची. त्या नमुन्यावर खोटी माहिती लिहिणे हा स्वतंत्र अपराध आहे.

हौशी बांधणाऱ्यांत ज्या पिस्तुलाला अग्रपूजेचा मान आहे, त्याच्या जनकाचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. हा १८५५ साली युटा प्रांतातील ऑग्डेन गावी एका बंदूककाराच्या पोटी जन्मला, बापाच्या दुकानातील मोडतोडीतून पोरवयातच त्याने पहिली बंदूक तयार केली, आणि पुढे आयुष्यभर त्याने इतक्या प्रकारची शस्त्रे योजिली की विसाव्या शतकातील युद्धांचा इतिहास त्याचे नाव टाळून लिहिणे अवघड आहे. त्याचे .४५ व्यासाचे पिस्तूल अमेरिकन लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. त्याआधीच्या कसोटीत एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या, ते तापले की पाण्यात बुडवून थंड करण्यात आले, आणि तरीही ते एकदाही अडले नाही, असे सांगतात. १९८५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाऊणशे वर्षे, ते सैनिकांच्या कमरेला राहिले. ब्राउनिंग स्वतः १९२६ साली बेल्जममधील लिएज येथे, शस्त्रकारखान्यात काम करता करताच वारला. त्याचे अपुरे राहिलेले एक ९ मिलिमीटरचे पिस्तूल त्याच्या बेल्जियन सहकाऱ्याने पुरे केले, आणि त्याच जातीचे पिस्तूल पुढे आपल्या बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात भारतीय सैन्यासाठी निघू लागले.

१९११ च्या पिस्तुलावरील मूळ एकस्वाची मुदत संपून फार काळ लोटला असल्याने त्याचे भाग आज अनेक कारखाने बनवितात, आणि एका कारखान्याची फ्रेम, दुसऱ्याची स्लाइड, तिसऱ्याची नळी अशी वऱ्हाडी मंडळी एकत्र आणून त्यांचे जमविणे हाच या छंदाचा खरा रस आहे. फ्रेमच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना लांबट कडा असतात आणि स्लाइडच्या पोटात त्यांना बसणाऱ्या खाचा. कारखान्यातून येणारी जोडी पुष्कळदा एक तर इतकी सैल असते की हलविली तर खुळखुळते, नाही तर इतकी घट्ट की सरकतच नाही. हौशी माणूस मुद्दाम घट्ट जोडी मागवितो, कारण त्याला ती स्वतःच्या हाताने मोकळी करायची असते. कडांवर निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, स्लाइड जाईल तेवढी आत ढकलून बाहेर काढायची, रंग जिथे पुसला गेला असेल तिथे दोन धातू एकमेकांना अडतात असे समजायचे, आणि तेवढाच ठिपका घासून पुन्हा रंग लावायचा. असे करता करता एखादी संध्याकाळ जाते, कधी आठवडा जातो, आणि अखेरीस तेलाचा एक थेंब सोडल्यावर ती स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न अडता, पण कुठेही न डुलता सरकते, तेव्हा त्या गृहस्थाला होणारा आनंद हा नेमबाजाचा नसून सरळसरळ फिटरचा आनंद असतो. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही जुन्या यंत्रशाळेतील कारागिराला तो सांगून समजावा लागणार नाही.

घोडा आणि चाप यांची आतली जुळणी मात्र शहाणे हौशी लोक स्वतः करीत नाहीत. ती जाणत्या बंदूककाराकडे देतात. तेथे चूक झाली तर पिस्तूल हातातून निसटताच आपोआप उडू शकते, किंवा एकदा चाप ओढताच एकामागून एक गोळ्या सुटू लागतात. आणि असे हत्यार १९३४ च्या संघीय कायद्याप्रमाणे मशीनगन ठरत असल्याने, ते जाणूनबुजून जवळ बाळगणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे कायदा छंदाला आडवा येतो तो या ठिकाणी. एरवी तो बाजूला उभा राहून पाहत असतो.

तो असा बाजूला का उभा आहे, याचे उत्तर त्या देशाच्या घडणीत आहे. अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात जर्मन घराण्यांतले कारागीर लांब नळीच्या रायफली एकेक करून हाताने घडवीत. लोखंडाची पट्टी तापवून तिची नळी करण्यापासून दस्त्यावरील नक्षीपर्यंत सारे काम एकाच छपराखाली होई. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे, जेथे वसाहतकालीन शहर पुन्हा उभारून जतन करून ठेवले आहे, वॉलेस गस्लर नावाच्या बंदूककाराने अशी एक रायफल पहिल्यापासून शेवटपर्यंत घडविली आणि १९६९ साली तिचा बोलपट निघाला. शस्त्र घडविणे हा तेथे राजसत्तेचा मक्ता कधीच नव्हता. १७९१ साली संविधानाला जी दुसरी दुरुस्ती जोडली गेली, तिने शस्त्र बाळगण्याचा जनतेचा अधिकार मान्य केला. तो व्यक्तीचा की केवळ नागरी सेनेचा, हा वाद पुढे दोन शतके चालून २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीच्या बाजूने निकाली काढला.

कायद्याने हात घातला तो व्यापारात. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा खून ज्या रायफलीने झाला ती मारेकऱ्याने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागविलेली होती. त्यानंतर १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात शस्त्रनियंत्रणाचा जो कायदा झाला त्याने धंदेवाईक कारखानदार आणि आयातदार यांच्यावर प्रत्येक शस्त्रावर अनुक्रमांक कोरण्याची सक्ती केली. गुन्ह्याच्या जागी पिस्तूल सापडले की पोलीस त्या आकड्यावरून कारखाना, कारखान्यावरून दुकान, आणि दुकानाच्या दप्तरावरून पहिला खरेदीदार, असा माग काढतात. स्वतःपुरते, विकण्याचा धंदा न करता, पिस्तूल करणाऱ्या माणसाला मात्र संघीय कायद्याने परवानाही लावला नाही आणि आकडाही नाही. पन्नास वर्षांपूर्वी असे हौशी लोक थोडे होते, त्यांना यंत्रकाम येत असे, आणि त्यांच्यापासून कुणाला उपद्रव नव्हता. सरकारने त्यांच्याकडे दुर्लक्ष केले त्यात नवल नाही.

नवल झाले ते पुढे. व्यापाऱ्यांनी अशी शक्कल काढली की फ्रेम जवळजवळ पूर्ण करायची, पण थोडे काम बाकी ठेवायचे, आणि तिला ऐंशी टक्के फ्रेम म्हणून विकायचे. हे ऐंशी टक्के कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाहीत, केवळ बाजारातले आहेत; पण युक्तिवाद असा की अपुरी फ्रेम ही फ्रेम नव्हे, म्हणून ती शस्त्र नव्हे, म्हणून नमुना नको, पडताळणी नको, आकडा नको. पुढे नेव्हाडातील पॉलिमर ८० या कंपनीने अशा प्लास्टिकच्या अपुऱ्या फ्रेमबरोबर उरलेले सर्व भाग एकाच पेटीत घालून विकावयास सुरुवात केली. ज्याने आयुष्यात अशी पेटी पाहिली नव्हती अशा एका माणसाने साधी हत्यारे आणि फुकट पाहावयास मिळणाऱ्या चित्रफिती यांच्या आधारे एकवीस मिनिटांत तिचे पिस्तूल केले, ही हकीकत पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नमूद झाली. आठवडाभर निळा रंग लावून ठिपके घासणाऱ्या आपल्या फिटरशी या एकवीस मिनिटांचे नाते नाममात्र उरले, हे उघड आहे. गुन्ह्यांत सापडलेली आणि मागासाठी पाठविलेली अशी बिनआकड्याची शस्त्रे २०१७ साली सुमारे १,६०० होती. २०२१ साली ती १९,००० च्या वर गेली. वर्तमानपत्रांनी त्यांना भुतांच्या बंदुका असे नाव दिले होते.

२०२२ साली संघीय सरकारच्या शस्त्रखात्याने नियम केला की जी पेटी किंवा जी अपुरी फ्रेम सहजपणे पूर्ण होऊ शकते तिला शस्त्रच समजावे, तिच्यावर आकडा घालावा आणि घेणाऱ्याची पडताळणी करावी. विक्रेते आणि हौशी मंडळी न्यायालयात गेली. टेक्सासमधील न्यायाधीशाने नियम रद्द ठरविला, अपिलाच्या न्यायालयानेही बहुतांशी तोच सूर धरला, आणि ८ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायासनापुढे आले तेव्हा त्या गंभीर सभागृहात न्यायमूर्ती अलिटो यांनी विचारले की ओट्यावर अंडी, चिरलेले मांस, मिरच्या आणि कांदा मांडून ठेवला तर त्याला ऑम्लेट म्हणावे काय. त्यावर न्यायमूर्ती बॅरेट यांनी प्रतिप्रश्न केला की समजा हे सर्व साहित्य एकाच पुड्यात, पाककृतीसह, घरपोच आले, तर मग?

सियालकोटच्या यवन राजा मिलिंदाने भिक्षू नागसेनाला असेच पेचात पाडू पाहिले होते, आणि नागसेनाने त्याला त्याच्याच रथावरून उलट विचारले होते: आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? नाही. मग ही सगळी मिळून? मिलिंद तेथेही नाही म्हणतो, आणि अखेर कबूल करतो की या अंगांच्या आश्रयाने रथ ही केवळ एक संज्ञा, एक व्यवहार आहे. नागसेनाचे काम या उत्तराने भागले, कारण त्याला रथावर जकात बसवायची नव्हती. न्यायासनाला तसे मोकळे सुटता येत नाही. त्याला रेघ ओढावीच लागते.

२६ मार्च २०२५ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय झाला, आणि तो लिहिणारे न्यायमूर्ती गॉर्सच यांनी दाखविले की अपुरी वस्तू पुरीच्या नावाने ओळखण्याची माणसांची रीतच आहे: लेखिका आपल्या अर्धवट हस्तलिखिताला कादंबरी म्हणते, आणि सुट्या फळ्यांची खोकी घरी आणणारा आपण टेबल आणले असे सांगतो, जरी ते जुळविण्याचे काही तास त्याच्या नशिबी अजून असतात. म्हणून काही पेट्या तरी निःसंशय शस्त्र या व्याख्येत बसतात, आणि नियम मुळातच अवैध म्हणता येत नाही. न्यायमूर्ती टॉमस यांनी विरुद्ध मत दिले. त्यांच्या दृष्टीने सुट्या भागांचा संग्रह म्हणजे शस्त्र नव्हे, आणि कायद्याने जे म्हटले नाही ते खात्याने त्याच्या तोंडी घालू नये. आपल्या परंपरेच्या परिभाषेत सांगायचे तर गॉर्सच सांख्यांच्या पक्षाचे, कार्य कारणात आधीपासून असते, दही दुधात असते, असे मानणारे. आणि टॉमस नैयायिक, ज्यांच्या मते कार्य उत्पन्न होईपर्यंत नसतेच. मला व्यक्तिशः नैयायिकांचा तर्क अधिक काटेकोर वाटतो, परंतु एकवीस मिनिटांच्या अंतरावर असलेल्या दह्याला दूध म्हणत राहणे हा तर्काचा अतिरेक आहे, असेही वाटते. निकाल लागला तेव्हा पॉलिमर ८० ही कंपनी बंद झालेली होती. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी तर आधीच घरगुती शस्त्रावरही आकडा घेण्याची सक्ती केली होती.

आपल्याकडे हा वाद उद्भवू शकत नाही, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे पाचवे कलम विनापरवाना शस्त्र बनविणेच निषिद्ध करते, मग ते विक्रीसाठी असो वा हौसेसाठी. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. या कडकपणाचे मूळ लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्यात आहे. सत्तावन्नच्या उठावाची आठवण ताजी असताना केलेल्या त्या कायद्याने भारतीयाला परवान्यावाचून हत्यार नाही आणि युरोपियनाला मात्र सूट, अशी उघड विषमता प्रस्थापित केली. काँग्रेसने वर्षानुवर्षे त्याविरुद्ध ठराव केले, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. परंतु संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामथ यांनी तो हक्क घटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. स्वराज्याने परक्यांची विषमता काढून टाकली, पण परवान्याची चौकट ठेवली, आणि माझ्या मते इतक्या दाट वस्तीच्या देशात त्याला दुसरा मार्ग नव्हता.

त्यामुळे ब्राउनिंगचे १९११ चे पिस्तूल महाराष्ट्रातील सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच राहते; .४५ आणि ९ मिलिमीटरची लष्करी काडतुसे ज्यांतून उडतात अशी पिस्तुले निषिद्ध व्यासाची, म्हणून त्यांचा परवाना केंद्र सरकारच देऊ शकते. सामान्य अर्जदाराच्या वाट्याला येते ते बहुधा .३२ चे, कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर. त्यासाठी मुंबईत पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करायचा, जीविताला धोका कोणता ते लिहायचे, वैद्यकीय दाखला जोडायचा, सुरक्षित ठेवण्याच्या व्यवस्थेची हमी द्यायची, आणि पोलीस ठाण्याच्या अहवालाची वाट पाहायची. मिळालाच तर परवाना पाच वर्षांचा, आणि एका माणसापाशी शस्त्रे जास्तीत जास्त दोन; पूर्वी ती तीन असत.

शेतकऱ्याला मात्र याच कायद्याने थोडे निराळे वागविले आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या खऱ्या गरजूला परवाना द्यावा, असे तेराव्या कलमात आहे, आणि कोकणात रानडुकरांनी भातशेती उलथून टाकण्याच्या दिवसांत हेच कलम कामाला येते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी दाबायची, छरे घालायचे, गजाने ठासायचे, असे हे हत्यार एका गोळीनंतर मिनिटभर निरुपयोगी असते. तरी निवडणूक जाहीर झाली की परवान्याची छाननी होते आणि हुकूम झाल्यास ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते. अमेरिकेत नेमकी ही जात, म्हणजे १८९८ सालची वा त्यापूर्वीची, किंवा तिच्या नमुन्यावर आज केलेली ठासणीची बंदूक, संघीय कायद्याच्या दृष्टीने शस्त्रच नाही. चकमकीच्या पिस्तुलाचे सुटे भाग पेटीतून टपालाने मागवून ते घरी जुळविणारे हौशी तेथे पुष्कळ आहेत, आणि १९३३ साली स्थापन झालेली त्यांची राष्ट्रीय संघटना इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी अजून सामने भरविते. तेथे जाणाऱ्याला नमुना भरावा लागत नाही, पडताळणी नाही, आकडाही नाही. रत्नागिरीच्या शेतकऱ्याने तिकडे जाऊन हे पाहिले तर तो बहुधा पहिला प्रश्न विचारील, की मग यांच्याकडे डुकरे येत नाहीत काय. येतात, टेक्सासमध्ये तर इतकी येतात की ती मारायला हेलिकॉप्टरातून शिकार करण्याची मुभा राज्याने कायद्यानेच दिली आहे.